घरातला देव आणि बाहेरची शाळा: परदेशातल्या लहानपणाचे अनुभव लिहा

परवा लेकासोबत हसन मिन्हाज या भारतीय वंशाच्या अमेरिकन विनोदवीराचा 'होमकमिंग किंग' हा शो परत बघितला. एकटा माणूस, मागे मोठा स्क्रीन, सव्वा तास, बस. 2015 ला न्यूयॉर्कच्या चेरी लेन थिएटरमधे तो हा शो करायचा, 2017 ला नेटफ्लिक्सवर आला आणि त्याचं शूटिंग केलं ते त्याच्या स्वतःच्या गावी, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला. आईवडील अलीगढचे, आई डॉक्टरकी पुरी करायला बरीच वर्षं भारतातच राहिलेली, पोरगा वडिलांबरोबर वाढलेला. आपण हसत हसत बघत असतो आणि मग सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतरची गोष्ट येते, घरी धमकीचा फोन, गाडीच्या काचा फोडलेल्या, पोरगा कोणी केलं ते बघायला रस्त्यावर धावतोय आणि वडील मुकाट्याने काचा झाडतायत, म्हणतात की इथे राहायची ही किंमत आहे. लेकाने तिथे थांबवलं आणि विचारलं, आई, आपल्या बाबांनी पण झाडल्या असत्या का गं काचा? मला काही बोलताच आलं नाही.

म्हणून हा धागा. पूजा, नमाज, प्रार्थना, जे काही घरात होतं त्याचं तुम्ही शाळेत काय केलंत, लपवलंत, सांगितलंत, भांडलात? एकच विनंती, जसं घडलं तसंच लिहा. 2023 मधे न्यूयॉर्कर मासिकात लेख आला की हसनने शोमधल्या काही गोष्टी वाढवून सांगितलेल्या होत्या, शोमधे प्रॉमच्या, म्हणजे शाळेतल्या नाचाच्या दिवशी एक मुलगी त्याला दारातच नकार देते, पण खरं तर तिने काही दिवस आधीच नकार दिला होता हे त्यानेही मान्य केलं, आणि मला ते खरंच लागलं, कारण काचा झाडणारे वडील माझ्यासाठी फार खरे आहेत.

जर्सीवाली:
मी 1987 ला नऊ वर्षांची होते, जर्सी सिटीत. तेव्हा तिथे डॉटबस्टर्स म्हणवणारी टोळी होती, डॉट म्हणजे आपल्या बायकांचं कुंकू. त्यांनी पेपरला पत्र पाठवून लिहिलं की भारतीयांना इथून हाकलणार. त्याच सप्टेंबरमधे शेजारच्या होबोकेनला नवरोज मोदी या तरुणाला टोळक्याने इतकं मारलं की तो गेला. तो पारशी होता, मारणाऱ्यांना कुठे फरक कळणार होता.
माझी आई मेण लावून पिंजर लावायची. त्या महिन्यापासून बाहेर पडताना ती कपाळ साफ करायला लागली आणि परत आली की कोटसुद्धा न काढता आधी आरशासमोर जाऊन कुंकू लावायची. 'कुंकू पुसलं' असं मात्र कधी म्हणायची नाही, तुम्हाला कळेलच का, म्हणायची 'काढून ठेवलंय'. दुसऱ्या वर्षी साताऱ्याहून आजी आली, तिने पहिल्याच सकाळी आईला रुमालाने कपाळ पुसताना बघितलं. आजी दोन दिवस जेवली नाही. बाबा समजावत होते, पेपर दाखवत होते, पण तिचं एकच, माझा मुलगा समोर उभा असताना सून असं कसं करते. मी मधे बसलेली, आणि मला दोघींचंही पटत होतं. शाळेत मी यातलं एक अक्षर कोणाला सांगितलं नाही.

बर्मिंगहॅमकर:
आम्ही कोकणी मुसलमान, रत्नागिरीकडचे. शाळेत भारतातली मुलं मला पाकिस्तानी समजायची आणि पाकिस्तानी मुलं विचारायची ही तुझी भाषा कुठली. 7 जुलै 2005 ला लंडनमधे स्फोट झाले तेव्हा मी तेरा वर्षांचा. त्यानंतर कितीतरी महिने अब्बा बसमधे बॅग मांडीवर ठेवून चेन उघडी सोडायचे, आतला जेवणाचा डबा सगळ्यांना दिसावा म्हणून. मला कधी सांगितलं नाहीत असं कर, पण मीही करायला लागलो. हसनचे वडील बघताना मला तीच उघडी बॅग दिसत होती.

टोरांटोची ताई:
माझं छोटंसं आहे. दुसरीत असताना बाईंनी घरातली आवडती वस्तू आणायला सांगितली, मी देवघरातला पितळी गणपती दप्तरात घालून नेला. घरी संध्याकाळी आरतीला ताम्हन रिकामं. आई रागावली नाही, फक्त विचारलं की तिथे चपलांशेजारी नाही ना ठेवलास.

लोदहून:
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, आमचं मूळ गाव अलिबागजवळ. आमचं सगळं उलटं झालं. कोकणात आम्ही शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणजे आम्ही वेगळे हे गावाला माहीत आणि कोणाचं काही म्हणणं नाही. इस्राएलला आलो ते आपल्या लोकांत आलो म्हणून, आणि इथे 1962 मधे रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, हुकूम काढला की बेने इस्राएलांचं लग्न लावताना आधीच्या पिढ्या तपासा. माझ्या आत्याचं लग्न त्यात अडकलं. पणजीच्या आईचा पुरावा कुठून आणणार? 1964 ला आपल्या लोकांनी जेरुसलेममधे आंदोलन केलं, आजोबा त्यात बसले होते, तेव्हा कुठे त्या हुकमातून आमचं नाव निघालं. पण वर्गातल्या मुलांना ते कोण सांगणार? मला सत्तर सालीसुद्धा म्हणायचे, तू खरी यहुदी नाहीस. आमच्या भिंतीवर एलियाहू हानबीची, म्हणजे प्रेषित एलियाची, तसबीर असते. एक मैत्रीण घरी आली, ती बघून म्हणाली ही तर मूर्तिपूजा. ती गेल्यावर मी तसबीर काढून कपाटामागे ठेवली. आईने शोधली, पदराने पुसली, परत लावली, आणि त्याच आठवड्यात मलिदा केला आणि त्या मैत्रिणीच्या आईला बोलावलं. त्या आल्या नाहीत. मैत्रीण आली.

टोरांटोची ताई:
मलिदा म्हणजे नक्की काय हो? माझी आजी म्हणायची तो चपातीचा गूळ घालून केलेला का?

लोदहून:
नाही गं, आमचा पोह्यांचा. पोहे भिजवून घ्यायचे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-पिस्ते, वर फळं कापून. आधी एलियाहू हानबीची प्रार्थना, मग सगळ्यांना वाटायचा. खोबरं इथे ताजं मिळत नाही, मी फ्रोजन वापरते, फक्त आदल्या रात्री बाहेर काढून ठेव.