पाणी घालणारा मजूर गेला, गुन्हा मात्र एकट्या टेम्पोचालकावर

घाटमाथा (धागाकर्ता)

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या तालुक्यातून जाणाऱ्या चौपदरी महामार्गावर, पुरते उजाडण्याआधी, दुभाजकातल्या कण्हेरीला पाणी घालणाऱ्या एका मजुराला मागून आलेल्या टेम्पोने उडवले आणि तो जागीच गेला. तासाभराने मी तिथून गेलो, तेव्हा टँकर उजव्या लेनमध्येच उभा होता. मागच्या बाजूला काठीला लाल फडके बांधलेले होते आणि दुभाजकावर पडलेल्या पाइपातून पाणी अजून ठिबकत होते. वाहतूक वळवायला ठेवतात ते शंकूच्या आकाराचे कोन नव्हते, लुकलुकणारा बाण नव्हता, मागे झेंडा घेऊन उभा राहिलेला माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: भरधाव टेम्पो, चालकाचा ताबा सुटला, गुन्हा दाखल.

चालकाला वाचवण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याने वेग कमी ठेवायला हवा होता, हे मान्यच आहे. पण ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला २२ मीटर कापते, आणि अडथळा दिसून ब्रेक लागून वाहन थांबेपर्यंत १२० मीटर लागतात, असे आपलेच रस्ता-अभियंते आराखड्यात धरतात. अंधुक उजेडात फडके १२० मीटरवरून दिसत नाही. उजवी लेन ही वेगाची लेन. तिथे जवळजवळ उभे असलेले वाहन असेल, अशी अपेक्षा मागून येणाऱ्याने कशावरून करायची? इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेच्या एसपी ५५ या पुस्तिकेत कामाच्या जागेआधी पूर्वसूचनेचा पट्टा, मग लेन बदलण्याचा पट्टा, मग काम आणि शेवटी वाहतूक पूर्ववत होण्याचा पट्टा, अशी मांडणी दिलेली आहे. पाणी घालण्याचे काम चालते-फिरते असते म्हणून ती मांडणी कोणी करत नाही, आणि नेमक्या अशाच कामांवर माणसे मरतात. मग टँकर तिथे तसा उभा करणारा कंत्राटदार आणि त्याच्यावर देखरेख ठेवणारे कार्यालय, हे गुन्ह्याच्या कागदात का येत नाहीत?

रोजचा प्रवासी

आपल्या लेखनातील कळकळ समजते, परंतु युक्तिवाद धोकादायक वाटतो. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा, हा वाहन चालवण्याचा पहिला धडा आहे. उजेड कमी असेल तर वेग कमी, इतके ते सोपे आहे. टँकर म्हणजे काही रस्त्यातला खड्डा नव्हे. घराएवढी वस्तू ज्याला दिसली नाही, त्याला बैल दिसला नसता आणि बंद पडलेली एसटीही दिसली नसती. त्यांच्या मागे कोन कोण लावणार होते?

वांद्र्याच्या कार्टर रोडचा खटला आठवावा. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मद्यपान केलेल्या चालकाची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली आणि ७ जण मेले. कनिष्ठ न्यायालयाने दिलेली शिक्षा होती सहा महिने. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षे दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम केली. सात माणसांमागे तीन वर्षे मिळवायला पाच वर्षांहून अधिक काळ गेला. अशा देशात चालकाच्या वकिलाच्या हाती ‘कोन नव्हते’ हा आयता मुद्दा देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. जबाबदारी अनेकांत वाटली की ती कोणाचीच उरत नाही.

घाटमाथा

कार्टर रोडचे उदाहरण आपणच काढले हे बरे झाले. ते मजूर त्याच रस्त्याच्या कामावरचे होते आणि कामाच्या ठिकाणी पदपथावरच त्यांची तात्पुरती राहण्याची सोय होती. चालकाला शिक्षा झाली ते योग्यच झाले. पण वाहत्या रस्त्याच्या कडेला माणसांना झोपायला लावणे हा सुरक्षेचा प्रश्न आहे, असे त्या खटल्याच्या चर्चेत कोणाच्या तोंडून ऐकल्याचे मला आठवत नाही. चालक दारू प्यायला होता, एवढ्यावर आपण सगळे थांबलो.

निवृत्त उपअभियंता

तीस वर्षे रस्त्यांची देयके तपासली, म्हणून थोडे आतले सांगतो. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांतील (कामाच्या तांत्रिक अटींतील) ११२ व्या कलमाप्रमाणे काम चालू असताना वाहतुकीची व्यवस्था, म्हणजे फलक, अडथळे, दिवे आणि झेंडेवाले, ही कंत्राटदाराची जबाबदारी असते आणि तिचा खर्च सर्वसाधारणपणे कामाच्या दरातच धरलेला असतो. स्वतंत्र बाब असती तर मोजमाप पुस्तिकेत कोन किती लावले ते लिहावे लागले असते आणि न लावलेल्या कोनांचे पैसे कापता आले असते. दरातच धरले की न लावलेला प्रत्येक कोन ही कंत्राटदाराची बचत होते. देखभालीच्या कामात तर हे आणखी वाईट, कारण पाण्याचा टँकर बहुधा तिसऱ्याच माणसाचा, रोजाने घेतलेला असतो, आणि कंत्राट कोणाचे हे त्याच्या चालकाला ठाऊकही नसते. चमकत्या पट्ट्यांची जॅकेटे स्टोअरमध्ये गठ्ठ्याने पडलेली असत; साहेबांचा दौरा ठरला की ती बाहेर निघत आणि संध्याकाळी मोजून परत घेतली जात. मीही अशा दौऱ्यांत होतो आणि जॅकेटांच्या घड्या ताज्या आहेत हे मला दिसत होते.

तरीही ‘रोजचा प्रवासी’ यांचा एक मुद्दा मी टाकून देणार नाही. कोन, दिवे, सगळे नीट लावलेल्या कामातही कोन उडवत आत शिरलेली वाहने मी पाहिली आहेत.

फौजदारी वकील

धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर देतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि त्या उपकलमात ‘चालक’ हा शब्दच नाही. कंत्राटदारही त्यात बसू शकतो. अडचण कार्यकारणाची आहे. मुंबईतील एका रंगाच्या कारखान्यात १९६२ मध्ये लागलेल्या आगीत ७ कामगार गेले. कारखान्यात परवान्याच्या अटी पाळल्या गेल्या नव्हत्या, तरी सर्वोच्च न्यायालयाने संबंधित व्यवस्थापकाला मृत्यूच्या आरोपातून सोडले, कारण आग तत्क्षणी एका कामगाराच्या कृतीने लागली होती. मृत्यूचे थेट आणि निकटचे कारण आरोपीचा निष्काळजीपणा असावा लागतो. त्याच्यावाचून घटना घडली नसती, एवढे पुरत नाही. हाच तर्क लावला की टेम्पो हे निकटचे कारण ठरते आणि कंत्राटदार मागे राहतो.

राहिले मोटार वाहन कायद्यातील २०१९ चे कलम १९८-अ. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल यांची मानके न पाळल्याने मृत्यू झाला, तर कंत्राटदारासह जबाबदार यंत्रणेला दंड होतो. कमाल १ लाख रुपये.

घाटमाथा

वकीलसाहेब, उपहार चित्रपटगृहाचा निकाल विसरून चालणार नाही. १९९७ मध्ये दिल्लीत ५९ माणसे गेली. तिथेही आग लागली ती रोहित्रामुळे, पण लोक मेले ते बाहेर पडण्याच्या वाटा अडवलेल्या होत्या म्हणून, आणि त्याच कारणाने न्यायालयाने मालकांना दोषी धरले. आगीचे कारण आणि मृत्यूचे कारण वेगळे असू शकते. टेम्पो वेगात होता हे धडकेचे कारण असेल. पण वेगाच्या लेनमध्ये, पाठीमागे काहीही न ठेवता, हातात पाइप देऊन माणूस उभा करणे हे त्याच्या मृत्यूचे कारण नाही काय?

फौजदारी वकील

मुद्दा मांडता येईल, जिंकता येईलच असे नाही. मात्र त्यासाठी पंचनाम्यात कोनांची नोंद हवी. पोलीस टायरच्या खुणा मोजतात. नसलेल्या वस्तूंचा पंचनामा कोणी करत नाही.

रोजचा प्रवासी

कंत्राटदारावर वेगळा गुन्हा जरूर नोंदवा, माझी ना नाही. तो चालकाच्या गुन्ह्यातून वजा होता कामा नये. आणि त्या मजुराच्या घरच्यांना काय मिळणार, हे एवढ्या चर्चेत कोणी विचारलेही नाही.

फौजदारी वकील

टेम्पोच्या विमा कंपनीकडून मोटार अपघात न्यायाधिकरणामार्फत, किंवा मजुराला कामावर ठेवणाऱ्या मालकाकडून कर्मचारी भरपाईच्या तरतुदींखाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ प्रमाणे दोन्हींपैकी एकच मागता येते. न्यायाधिकरणात रक्कम बहुधा जास्त मिळते, म्हणून घरचे तिकडे जातात आणि कंत्राटदाराच्या खिशातून एक रुपयाही जात नाही.

घाटमाथा

काल सकाळी तोच टँकर पुन्हा उजव्या लेनमध्ये होता. या वेळी मागे चार कोन मांडलेले होते.

निवृत्त उपअभियंता

टँकरपासून किती अंतरावर?

घाटमाथा

गाडी पुढे कडेला लावून दुभाजकावरून चालत मागे गेलो आणि मोजले. अकरा पावले.