मदत हवी आहे: नागरिकत्व काढून घेण्याच्या बाजूने मुद्दे सुचवा

चकोरी
शनिवारी वादविवाद आहे. 'सरकारला नागरिकत्व काढून घेण्याचा अधिकार असावा', मला बाजूने बोलायचंय. आयसिस या दहशतवादी संघटनेकडे गेलेल्या ब्रिटनच्या शमीमा बेगमपासून सुरुवात केली, पण जितकं वाचतेय तितकी माझीच बाजू लंगडी पडतेय. ठोस मुद्दे द्या. लिंका नकोत, वाचायला वेळ नाही.

रानवारा
कुठला देश? जन्माने मिळालेलं नागरिकत्व की अर्ज करून घेतलेलं? आणि काढणार कोण, मंत्री की कोर्ट?

चकोरी
देश दिलेला नाही. सर्वसाधारण विषय आहे. एवढा फरक पडतो का?

रानवारा
सगळा फरक तिथेच आहे. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम १० बघा. फसवणूक करून नागरिकत्व घेतलं, युद्धात शत्रूशी व्यापार केला, नागरिक झाल्यापासून पाच वर्षांत दोन वर्षांची कैद झाली, तर ते काढता येतं. पण हे मुख्यतः नोंदणीने किंवा देशीयकरणाने, म्हणजे अर्ज करून, झालेल्या नागरिकांसाठी. जन्माने नागरिक असलेल्याला ते कलम लागत नाही.

जुना खलाशी
दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की कलम ९ प्रमाणे आपलं आपोआप जातं. जुना पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घेऊन ठेवा, ओसीआयच्या (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाच्या) अर्जाला लागतं. बरेच जण हे विसरतात आणि मग धावाधाव होते.

चकोरी
काका, माझा प्रश्न तो नाहीये.

तिखटमीठ
शमीमाला सोडू नका, तोच तुमचा हुकमी मुद्दा. २०१५ मध्ये आयसिसकडे गेली, २०१९ मध्ये ब्रिटनने नागरिकत्व काढलं, २०२४ मध्ये अपील कोर्टानेही तिचं अपील फेटाळलं. देशाच्या शत्रूला जाऊन मिळालेल्या माणसाला परत का घ्यायचं? विषय संपला.

शांतनिळा
संपला कसा? गेली तेव्हा ती १५ वर्षांची होती. निर्णय कठोर होता की नाही हे ठरवणं आमचं काम नाही, असं त्याच कोर्टाने म्हटलंय. आईवडिलांमुळे ती बांगलादेशची नागरिक आहे हा ब्रिटनचा आधार, आणि बांगलादेश म्हणतो आमचा तिच्याशी संबंध नाही. ती मात्र वर्षानुवर्षं सीरियातल्या छावणीत. तिच्याच वर्गातली, पण आजीआजोबांपासून ब्रिटनचीच असलेली मुलगी असती तर तिचं नागरिकत्व काढता आलं असतं का? नाही. ती कुठल्याच देशाची उरली नसती. म्हणजे एकाच गुन्ह्याला दोन शिक्षा.

आणि मध्य अमेरिकेतला निकाराग्वा बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये २२२ राजकीय कैद्यांना विमानात बसवून अमेरिकेला धाडलं. पाठोपाठ आणखी ९४ जणांचं नागरिकत्व काढलं. त्यात माजी उपराष्ट्राध्यक्ष आणि लेखक सर्जियो रामिरेझ.

तिखटमीठ
हुकूमशहाचं उदाहरण लोकशाहीला लावू नका.

शांतनिळा
सरकारं बदलतात, कायदा तसाच राहतो. उद्या तो कोणाच्या हाती जाईल याची हमी तुम्ही देणार का?

रानवारा
तुमचं भांडण चालू द्या, चकोरीला शनिवारी बोलायचंय. चकोरी, 'शिक्षा म्हणून नागरिकत्व काढावं' हे बोलूच नका, तिथे हराल. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने २०२२ मध्ये मंत्र्याचा असा अधिकार रद्द केला, कारण शिक्षा देणं हे कोर्टाचं काम. तुम्ही फसवणुकीवर उभ्या राहा.

जॉन डेम्यान्युक घ्या. नाझींच्या छावणीतलं काम लपवून अमेरिकेचा नागरिक झाला. १९८१ मध्ये नागरिकत्व गेलं. पण त्याला भलताच पहारेकरी समजलं गेलं होतं. इस्रायलमध्ये फाशी सुनावली गेली, १९९३ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. १९९८ मध्ये नागरिकत्व परत मिळालं. मग दुसऱ्या छावण्यांतल्या नोकरीचे कागद ग्राह्य धरून २००२ मध्ये पुन्हा काढलं. चूक दुरुस्त झाली आणि लबाडीही पचली नाही, कारण प्रत्येक पायरी कोर्टात झाली. तुमचं भाषण यातच आहे: अधिकार हवा, पण फसवणुकीपुरता आणि कोर्टामार्फत.

चकोरी
हे चालेल! पण तो माणूस मग कुठल्याच देशाचा राहिला नाही तर? समोरचे हेच विचारणार.

रानवारा
विचारतीलच. १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार याचसाठी आहे, माणूस कुठल्याच देशाचा राहणार नसेल तर नागरिकत्व काढू नका म्हणतो. पण त्यातल्या कलम ८ मध्ये खोटी माहिती देऊन किंवा फसवणुकीने मिळवलेलं नागरिकत्व हा स्पष्ट अपवाद आहे. तेवढं पाठ करून जा.

तिखटमीठ
म्हणजे देशाविरुद्ध लढलेला सुटला आणि फॉर्मवर खोटं लिहिणारा अडकला. मला अजिबात पटत नाही.

शांतनिळा
सुटला कुठे? त्याच्यावर खटला भरा, तुरुंगात टाका. आपला गुन्हेगार आपणच सांभाळायचा, शेजाऱ्याच्या दारात सोडायचा नाही.