पुण्यातल्या ओपन सोर्सवाल्यांनी एकत्र यायचं का? का नुसता अजून एक ग्रुप?

एकटा_कन्सल्टंट:
यंदा गणपतीला देवगडला गेलो. दुसऱ्याच दिवशी भोसरीच्या क्लायंटचा फोन, ईआरपीनेक्स्ट (स्टॉक, बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर) उघडत नाही, डिस्पॅच अडकलाय, गाडी दारात उभी आहे. आमच्याकडे रेंज फक्त पडवीच्या कोपऱ्यात येते, तिथे उभं राहून मोबाईलवरून लॉगिन केलं तर डिस्क शंभर टक्के भरलेली. रोजचा बॅकअप त्याच डिस्कवर पडत होता (चूक माझीच, मान्य). जुने बॅकअप उडवले, चालू झालं. पण तोवर आरती होऊन गेली होती आणि आईने दिवसभर तोंड फिरवलेलं.

तर डोक्यात आलंय की पुण्यात ओपन सोर्स (खुल्या कोडची, फुकट) सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या, एकेकट्या काम करणाऱ्या आठ-दहा जणांनी जमायचं. कोणी नेटवर्किंग आणि पीएफसेन्स फायरवॉलवाला, कोणी पोस्टग्रेस डेटाबेसवाला, कोणी कोहा (लायब्ररीचं), मूडल (ऑनलाइन शिकवण्याचं) करणारा. प्रत्येकाला एक ठरलेला बदली माणूस. बोला.

चाकणची_धूळ:
दोनदा करून बघितलंय राव. पहिला महिना जोरात, दुसऱ्या महिन्यात गुड मॉर्निंगची फुलं, तिसऱ्यात कोणीतरी विचारतो "विंडोजची की आहे का कोणाकडे". ते सोडा, मी आजारी असताना एका मित्राला क्लायंटकडे पाठवलं, तर तीन महिन्यांनी क्लायंट म्हणतो तुमचे मित्र कमीत करतात. आता मित्रही नाही आणि क्लायंटही नाही.

एकटा_कन्सल्टंट:
म्हणूनच आधी लिहून घ्यायचं. बदली जाणाऱ्याला तासाचे पैसे मी देणार, क्लायंटने नाही, आणि वर्षभर त्याने तिथे थेट काम घ्यायचं नाही.

चाकणची_धूळ:
आणि घेतलं तर? शिवाजीनगर कोर्टात जाणार का तीस हजारांसाठी?

लायब्ररीतली_ताई:
मी समोरच्या बाजूची आहे. आमच्या कॉलेजात ज्यांनी कोहा बसवलं ते नोकरी लागून बंगळुरूला गेले आणि सर्व्हरचा रूट (मुख्य) पासवर्ड त्यांच्यासोबत गेला. सॉफ्टवेअर फुकट, डेटा सगळा मारियाडीबी या खुल्या डेटाबेसमध्ये, म्हणजे दुसरं कोणीही पुढे चालवू शकतं हे मला माहीत होतं, पण ते "दुसरं कोणी" शोधायला दोन महिने गेले, तोवर पुस्तकांची देवघेव रजिस्टरवर. त्यामुळे यादी तरी कराच हो.

वर्कशॉपवाला:
मला जीपीएल लायसन्स वगैरे काही कळत नाही. बंद पडलं की फोन कोणाला करायचा तेवढं सांगा. दहा जण असले की प्रत्येक जण म्हणणार हे माझ्याकडे येत नाही, त्यापेक्षा एकच माणूस बरा, निदान त्याला शिव्या तरी घालता येतात.

हिशोबी:
शिव्या घालायला एक नाव हवं, मग एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा. पण तिचं ऑडिट नसलं तरी दरवर्षीचं फाइलिंग चुकत नाही. आणि सगळ्यांची बिलं एका नावावर आली की वर्षाच्या उलाढालीची २० लाखांची मर्यादा लगेच ओलांडणार, मग १८ टक्के जीएसटी. एकेकट्यानेच राहायचं असेल तर निदान उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. आता लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पेमेंट केलं नाही आणि मार्चअखेरही ते थकलेलंच असलं तर क्लायंटला तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. मार्चमध्ये याची आठवण करून दिली की पैसे बरोबर येतात.

एकटा_कन्सल्टंट:
एलएलपी नकोच. वर्कशॉपवाले दादा, फोन मलाच करायचा, मी नसलो तरच बदलीला.
आणि हे फक्त सुट्टीपुरतं नाहीये. २०२० च्या डिसेंबरात सांगितलं की सेंटओएस ८ चा (सर्व्हरवर चालणाऱ्या लिनक्सचा) सपोर्ट २०२९ ऐवजी २०२१ अखेरीसच संपणार, तेव्हा मी एकटा अकरा सर्व्हर हलवत बसलो होतो. तेच काम त्या वर्षी पुण्यात किती जण आपापल्या खोलीत बसून करत असतील, तेच एरर तेच शोध!

चाकणची_धूळ:
हे मात्र खरंय, माझे सात होते. पण एररसाठी दहा जणांचं नेटवर्क कशाला, विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

एकटा_कन्सल्टंट:
तू आहेस हेच माहीत नव्हतं ना.

चाकणची_धूळ:
बरं. दहा जणांत मी येणार नाही, आधीच सांगतो. दोघांत करून बघू, तू माझा बदली, मी तुझा, दिवाळीपुरतं. मी कुठे जात नाहीये. पण भोसरीचा पासवर्ड मला परस्पर देऊ नकोस, आधी मालकाशी बोल, आणि ते बॅकअप दुसऱ्या डिस्कवर टाक बाबा, नाहीतर पाडव्याच्या दिवशी मला जावं लागेल.