बीए सायकॉलॉजी झालं, समुपदेशनात जायचं तर पुढे काय करू?

तेरणाकाठची:
मी कळंबची. यंदा मानसशास्त्र घेऊन बीए झालं. समुपदेशनातच काम करायचंय, पण जो भेटतो तो वेगळंच सांगतो. कुणी म्हणतं एमए, कुणी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी), मामा म्हणतात बीएड करून मोकळी हो. इन्स्टावर तर तीन महिन्यांत कौन्सेलर करून देतात! लातूरला नीटची तयारी करणाऱ्या मुलांसोबत काम करावं असं डोक्यात आहे. मैत्रिणीचा भाऊ तिथं होस्टेलला आहे, दर रविवारी फोनवर रडतो. घरी बसून ऑनलाइन एमए जमेल का? पुण्यात राहायचा खर्च झेपणार नाही.

खोली नंबर ९:
ऑनलाइनचा विषय संपला बाई. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीनं मानसशास्त्राला ऑनलाइन आणि दूरशिक्षण दोन्ही बंद केलंय. बरंच झालं म्हणते मी.

मी उपजिल्हा रुग्णालयात आयसीटीसीला आहे, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्रात. एमएसडब्ल्यू केलं, वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य घेऊन. माझ्यासमोर बसणारा माणूस स्वतःहून क्वचितच येतो. गरोदर बाईला सिस्टर पाठवतात, टीबीच्या पेशंटला डॉक्टर. तपासणीआधी बोलायचं, संमती घ्यायची, रिपोर्ट आला की परत बोलायचं. ऊसतोडीहून आलेला एकजण रिपोर्टची घडी टोपीत खोचत म्हणाला, "बायकोला तुम्हीच सांगा की." सांगून टाकणं सोपं होतं. पण त्यानं स्वतः तिला घेऊन यावं इथवर त्याला आणायचं, ते माझं काम. हे पुस्तकातून नाही आलं, एमएसडब्ल्यूच्या फिल्डवर्कमधून आलं. कुणाशी काय बोललो ते शब्दन् शब्द लिहायचं आणि मॅडम लाल पेनानं विचारायच्या, "इथं तू मधेच का बोललीस?"

आमच्या पोस्ट कंत्राटी, हे आधीच सांगते. कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाच्या जागेलाही एमएसडब्ल्यू चालतं.

संभाजीनगरकर सर:
सीबीएसई शाळेत कौन्सेलर आहे. ताईंशी सहमत, पण तुला विद्यार्थ्यांसोबत काम करायचं असेल तर एमए मानसशास्त्रच कर. आपल्या विद्यापीठात इथं संभाजीनगरला होतं, पुणं कशाला? आणि मामांना लगेच उडवून लावू नकोस. एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, तो मुळात शिक्षकांना डोळ्यासमोर ठेवून केलाय. शेवटी इंटर्नशिप असते.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेव. नुसत्या एमएवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. त्याला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, आणि त्यासाठी आरसीआयमान्य क्लिनिकलचं शिक्षण. प्रवेशाआधी त्या संस्थेचं नाव आरसीआयच्या यादीत स्वतः बघ, प्रॉस्पेक्टसवर जाऊ नकोस. गोळ्या लिहिणं सायकियाट्रिस्टचं काम, म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी. आपण ओळखायचं आणि वेळेत पाठवायचं.

तेरणाकाठची:
म्हणजे लातूरच्या पोरांसाठी एमए. पण त्यात फिल्डवर्क असतं का, ताईंसारखं?

खोली नंबर ९:
प्रॅक्टिकल असतंच, पण त्यात टेस्ट आणि प्रयोगच जास्त असले तर खऱ्या माणसाशी बोलणं कमी पडतं. अभ्यासक्रम उघडून इंटर्नशिप किती आणि वर देखरेखीला कोण, हे विभागात जाऊन विचार. आणि त्या भावाला आजच 14416 नंबर दे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. तुझं एमए होईस्तोवर त्याला थांबवू नको.