पंचवीस अंकांवर गाडी थांबते

३८१६५४७२९ या संख्येचं कौतुक होतं ना, की पहिले दोन अंक २ ने, पहिले तीन ३ ने असं करत करत अख्खी संख्या ९ ने भागली जाते आणि १ ते ९ एकेकदाच येतात, ते बरोबरच आहे. पण पुनरावृत्ती चालणार असेल तर थोरली पाती बघा: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. पंचवीस अंकी, शेवटपर्यंत हाच नियम पाळते, आणि एवढी लांब ही एकटीच!

कोथरूडला आमच्या कट्ट्यावर एकाने लगेच मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढला, म्हटलं ठेव आत, एवढे अंक मावायचे नाहीत त्यात, हाताने कर. पहिले अकरा अंक घे, एकाआड एक अधिक-वजा कर, शून्य येतं, म्हणजे ११ ने भाग गेला.

आता पुढे का नाही? दहाव्या अंकापर्यंत टेन्शनच नसतं, कारण शेवटी लावायला ० ते ९ असे दहा पर्याय असतात, त्यातला एक तरी बसतोच. अकराव्यापासून गोची, अकरा बाक्या शक्य आणि अंक दहाच, मग जसजसं पुढे जाल तसतशा फांद्या गळत जातात. आपल्या या संख्येला शून्य जोडून २६ ने भागलं तर बाकी उरते १२, म्हणजे अजून १४ हवेत, आणि अंक तर ९ च्या वर नाही. खेळ खल्लास.

फर्ग्युसनला शिकलेल्या गणितज्ञ कापरेकरांना असल्या संख्यांचा भारी नाद होता, त्यांच्या ६१७४ या गाजलेल्या संख्येवर कोणीतरी लिहा की.