स्वप्नात असतानाच "हे स्वप्न आहे" हे कळायला सुरुवात कुठून करायची? (रात्री पाणी भरायला उठावं लागतं)

केळीबाग_रावेर
नमस्कार सगळ्यांना. लुसिड ड्रीम, म्हणजे स्वप्न चालू असतानाच आपल्याला कळतं की हे स्वप्न आहे, ते शिकायचंय मला आणि त्याचं कारण हौस नाही. रावेर तालुक्यात आमचा केळीचा बाग आहे, थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की साडेबाराला बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, मोटर चालू करायची, कॉक फिरवायचे, दीडला परत. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या शिवारात बिबट्याचे ठसे निघाले. मी स्वतः त्याला पाहिलेला नाही, पण तेव्हापासून एकच स्वप्न पडतंय, आठवड्यातून दोनदा तरी. मी बागेत उभा आहे, मोटर अचानक बंद पडते, सगळं शांत होतं आणि मागच्या ओळीत वाळलेली पानं खसखस वाजायला लागतात. मला मागं वळताच येत नाही. मग घामाघूम होऊन उठतो आणि पुढं झोपच लागत नाही.

मावसभाऊ म्हणाला स्वप्नात कळलं ना की स्वप्न आहे तर वळून बघता येईल. म्हणून व्हिडिओ बघून सुरू केलं, पाठीवर सरळ पडायचं, अजिबात हलायचं नाही, आकडे मोजत राहायचं, अंग झोपेल पण आपण जागे राहू असं ते म्हणतात. तीन आठवडे केलं, काही झालं नाही, आणि एका रात्री मात्र अंग पूर्ण जाम, डोळे उघडे, हात उचलत नाही आणि छातीवर कोणीतरी बसल्यासारखं. आजीला सांगितलं तर ती म्हणे "छातीवर भूत बसना व्हई", तेव्हापासून रोज माझ्या उशाशी विळा ठेवते. तर हे धोक्याचं आहे का, आणि माझ्यासारख्या झोप तुटणाऱ्या माणसानं सुरुवात कुठून करावी? कोणी स्वतः केलं असेल तर सांगा प्लीज.

बोरीकाठ
भाऊ, आधी ते छातीवर बसण्याचं सांगते कारण ती भीती डोक्यात असेल तर पुढचं काही जमणार नाही. मी अमळनेरची, मानसशास्त्रात एमए केलंय आणि मला स्वतःला कॉलेजात असताना हे चारपाच वेळा झालंय. स्वप्नं जास्त पडतात त्या झोपेला आरईएम झोप म्हणतात, १९५३ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी ती पहिल्यांदा नीट मांडली, त्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. त्या वेळी मेंदू हातापायाचे स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळालो की खाटेवरून खाली पडू. कधीकधी मन आधी जागं होतं आणि अंगाचं कुलूप उघडायला थोडा वेळ लागतो, तेवढंच ते. श्वास चालूच असतो, पण छातीचे बाकीचे स्नायू सैल असल्यामुळे दाबल्यासारखं वाटतं. उताणं झोपलं की आणि झोप तुटलेली असली की हे जास्त होतं, तुमच्याकडं तर दोन्ही होतं. परत झालं तर झटापट करू नका, श्वास हळू सोडा आणि फक्त पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा, थोड्या वेळात सुटतं. आणि कुशीवर झोपा.

दुसरं, तुम्ही केलं ती वाईल्ड नावाची पद्धत आहे, जागेपणातून सरळ स्वप्नात शिरायची. नवख्या माणसासाठी सगळ्यात अवघड तीच, व्हिडिओवाले ती आधी का दाखवतात कळत नाही. ती सोडून द्या.

सुरुवात स्वप्नं आठवण्यापासून. सकाळी जाग आली की हलू नका, मोबाईल तर अजिबात नाही, तसंच पडून शेवटचं काय दिसलं ते धरा आणि तिथून मागं मागं जा. मग वहीत चार ओळी लिहा. नुसता "भीती वाटली" एवढा तुकडा आठवला तरी लिहा. दोन आठवडे फक्त एवढंच करा, कारण स्वप्नात कळलं आणि सकाळी आठवलंच नाही तर काय उपयोग. लिहिता लिहिता परत परत येणाऱ्या गोष्टी दिसतात, त्या तुमच्या खुणा. तुमची तर आधीच पक्की आहे, मोटर बंद पडणं आणि पानांची खसखस. खूप जणांना अशी खूण महिनोन्महिने सापडत नाही हो.

मग माईल्ड पद्धत, स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतःवर प्रयोग करत बसवलेली. पहाटे किंवा मध्यरात्री जाग आली की आत्ता पडलेलं स्वप्न आठवायचं, त्यात खूण कुठं होती ते बघायचं, आणि परत झोपताना मनात म्हणायचं "आता स्वप्न पडेल तेव्हा मला आठवेल की हे स्वप्न आहे". नुसतं जप केल्यासारखं म्हणून उपयोग नाही, त्याच स्वप्नात आपण परत उभे आहोत, मोटर बंद पडली आणि आपल्याला कळलं, असं डोळ्यासमोर आणायचं. झोप लागेपर्यंत तेच. बाजारात निघताना "येताना मीठ आणायचंय" हे डोक्यात धरून ठेवतो ना, तशीच ही आठवण आहे, फक्त झोपेच्या पलीकडं न्यायची.

हे सगळं मनाचे खेळ आहेत असं कोणी म्हणालं तर सांगा की १९७५ मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाकडून स्वप्नाच्या आतून खूण मिळवली होती. डोळ्यांचे स्नायू त्या झोपेत सैल पडत नाहीत, म्हणून आधी ठरल्याप्रमाणं त्यानं स्वप्नात डोळे डावीउजवीकडं फिरवले आणि ते बाहेर यंत्रावर उमटलं. मला अजूनही हे वाचलं की अंगावर काटा येतो.

यावलचा_शेतकरी
भो, तुझी न माझी कहाणी एकच, फक्त मला बिबट्याचं नाही तर विहिरीचं स्वप्न पडायचं. ताईंनी बरोबर सांगितलंय, मी शेतातलं सांगतो. व्हिडिओत ते पहाटे अलार्म लावून उठा म्हणतात ना, आपल्याला अलार्मची गरजच नाही, साडेबाराला लाईट उठवतेच. तू साडेआठला झोपत असशील तर चार तास झोप झालेली असते, आणि दीडनंतर जी झोप लागते तिच्यात स्वप्नं लांब आणि जास्त असतात, कारण सकाळ जवळ येते तसा स्वप्नांचा टप्पा वाढत जातो, साधारण दीड दीड तासाने तो येतच असतो. म्हणजे आपलं काम करून खाटेवर परत आलो तीच खरी वेळ. पण येऊन मोबाईल उघडला की संपलं. मी हात पाय धुतो, एक घोट पाणी, आणि माईल्ड करत कुशीवर पडतो. आधी मी तासभर जागत बसायचो मन लावून, तेव्हा काही झालं नाही, पटकन झोपायला लागलो तेव्हा पंधरा दिवसांत पहिलं झालं.

आता रिअ‍ॅलिटी चेक, म्हणजे दिवसा अधूनमधून स्वतःला खरंच विचारायचं की मी आत्ता जागा आहे का, आणि तपासायचं. दिवसा सवय लागली की स्वप्नातही हात तिकडं जातो. नाक चिमटीत पक्कं धरायचं, तोंड बंद, आणि श्वास घेऊन बघायचा. जागे असू तर जाणार नाही, स्वप्नात असू तर आरामात जातो, विश्वास बसत नाही इतका. दुसरं म्हणजे मोबाईलवरची वेळ बघायची, नजर वळवायची, परत बघायची, स्वप्नात आकडे बदललेले असतात. तू हे प्रत्येक वेळी स्टार्टरच्या पेटीजवळ कर, कारण तुझं स्वप्न तिथंच सुरू होतं. आणि पानं वाजली की कर, दिवसा वाऱ्याने वाजली तरी. घाईत उरकू नको, पाच सेकंद खरंच शंका घे, इथपर्यंत कसा आलो ते आठव.

आणि हे हात जोडून सांगतो. जागेपणी चुकलं तर जीव जाईल अशी परीक्षा कधीच घ्यायची नाही. उडून बघू, विहिरीच्या काठावरून उडी मारून बघू, ओल्या हातानं स्टार्टरला हात लावून बघू, असलं काही नाही. रात्री झोपेच्या गुंगीत माणूस चुकतो. फक्त नाक. आणि खऱ्या बागेत खरंच खसखस आली तर स्वप्नबिप्न विसर, बॅटरी मार, आवाज कर आणि माणसात ये, शक्यतो एकटा जाऊच नको.

भुसावळ_नाईटड्युटी
रेल्वेत आहे, २२ वर्षं पाळ्या करतोय. एकच सांगायचंय, झोप आधी. सहा तासांच्या खाली एकूण झोप जात असेल तर त्या आठवड्यात हे काही करू नका, उगाच दिवसा ट्रॅक्टरवर डुलकी लागायची. मला लुसिड झालं ते बहुतेक नाईट नसलेल्या दिवशी, पहाटे उठून चहा घेऊन परत तासभर आडवा झालो तेव्हा. आणि दारू घेऊन झोपणाऱ्याला हे जमत नाही, पहिल्या अर्ध्या रात्रीतली स्वप्नाची झोप दारूनं दबते. ऑनलाइन गोळ्या विकतात यासाठी, त्या घेऊ नका. बी सिक्स व्हिटॅमिनचे मोठे डोस महिनोन्महिने घेतले तर हातापायाच्या नसांना इजा होते.

तळोद्याची_ताई
वही जमत नसेल तर आवाज रेकॉर्ड करा. मी मोबाईल आधीच फ्लाइट मोडवर ठेवते आणि डोळे मिटूनच बोलते, आणि घरी जशी बोलते तशी बोलते. पुस्तकी मराठीत लिहायला गेले की अर्धं स्वप्न शब्द शोधण्यातच उडून जायचं. दादा, तुम्ही अहिराणीतच बोला, आजीला सांगितल्यासारखं.

बोरीकाठ
ताई, हे फार कामाचं सांगितलंत.
यावलच्या भाऊंनी पटकन झोपण्याचं म्हटलंय त्याला आधार आहे. २०१७ मध्ये अ‍ॅडलेड विद्यापीठातल्या डेनहोम अ‍ॅस्पी यांचा अभ्यास आला, त्यात रिअ‍ॅलिटी चेक, मधे उठणं आणि माईल्ड असं तिन्ही करणाऱ्या ४७ जणांच्या गटाला आठवड्याभरात १७ टक्के यश आलं, पण माईल्ड केल्यावर पाच मिनिटांत झोप लागली तिथं जवळपास ४६ टक्के. म्हणजे पहिल्या आठवड्यात झालं नाही तर नाराज व्हायचं कारण नाही.

रावेरच्या भाऊंसाठी अजून एक. दर वेळी तेच वाईट स्वप्न पडत असेल तर लुसिड होण्याची वाट बघत बसायची गरज नाही. दिवसा, उजेडात, दहा मिनिटं बसून त्या स्वप्नाचा शेवट बदलून लिहा आणि तोच रोज मनात चालवा. वाईट स्वप्नांवर हा उपाय डॉक्टरसुद्धा वापरतात. आणि तरी झोप उडतच राहिली, दिवसाही धडधड व्हायला लागली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यात लाजायचं काही नाही.

केळीबाग_रावेर
महिन्यानं लिहितोय. वही नाही जमली, रेकॉर्डिंग केलं, २३ झाली. परवा रात्री पाणी भरून आलो, झोपलो, आणि तेच. मोटर बंद पडली. माझा हात आपोआप नाकाकडं गेला आणि श्वास आत गेला!! पूर्ण! मला इतका आनंद झाला की तिथंच जाग आली, वळायचं राहून गेलं. हे कसं थांबवायचं?

यावलचा_शेतकरी
वा रे भो! पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. कळलं की लगेच काही करायला जाऊ नको. दोन्ही हात एकमेकांवर चोळ, ते घासणं जाणव, खाली मातीकडं बघ, जवळच्या खोडाला हात लाव. अंगाला काहीतरी लागत राहिलं की स्वप्न टिकतं. एकाच गोष्टीकडं टक लावून बघू नको. मग सावकाश वळ.

केळीबाग_रावेर
वळलो. काल पहाटे. हात चोळले, खोडाला हात लावला, गार आणि ओलं होतं, अगदी खरं. मागं वळायला बराच वेळ लागला, पाय जड झाले होते, पण वळलो. ओळ मोकळी होती. पानं हलत होती, मागं नुसता पाट, त्यात पाणी चमकत होतं. मी पेटीपर्यंत चालत गेलो आणि मोटर परत चालू केली, तिचा आवाज आला आणि मग जाग आली. उठलो तेव्हा घाम नव्हता. आजीला सगळं सांगितलं, ती बराच वेळ हात धरून बसली.
आता हे रोज करू का?

बोरीकाठ
रोज नको भाऊ. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात दोनदा पुरे, दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात सरळ सलग झोपा. रेकॉर्डिंग मात्र चालू ठेवा.