चर्चा: किल्लारीची ती रात्र उकरावी की झाकावी?

तेरणाकाठ: ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात लातूर-धाराशिवची गावं पडली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. वाचलेल्यांपैकी काही जण अजून छताखाली झोपत नाहीत. ट्रकनं भांडी वाजली की अंगणात पळतात. घरचे म्हणतात, जुनं उकरू नका. माझ्या मते या झाकण्यानंच भीती टिकते. टाळलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, पण छत पडत नाही हे मनाला कळायची संधीच मिळत नाही. आघातावरच्या सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारात, आधी श्वास, झोप सावरायला शिकवतात. मग ती रात्र थेरपिस्टसमोर सावकाश, पुन्हा पुन्हा सांगायची. टाळलेल्या जागी पायरीपायरीनं जायचं: दिवसा, दार उघडं ठेवून, आधी पाचच मिनिटं.

औशाची सून: दादा, नाही पटलं. भूकंपानंतर जो येई तो आमच्या आत्याबाईंना विचारी, काय झालं सांगा. सांगून सांगून त्या मुक्या झाल्या. त्यांना सावरलं भजनी मंडळानं. परक्यापुढं लेकराचं मरण परत का मांडायचं?

तेरणाकाठ: ताई, ते विचारणं म्हणजे उपचार नव्हे. संकटानंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेऊ नये, असं आता तज्ज्ञही सांगतात. भजनाला माझा विरोध नाही. पण भजनाहून आल्यावर त्या घरात झोपतात का?

औशाची सून: नाही. ओसरीवरच, पावसाळ्यातसुद्धा.

नांदेडकर: ईएमडीआर ही आघातावरची दुसरी उपचारपद्धतही आहे, १९८७ मध्ये फ्रान्सिन शपिरो यांनी सुरू केलेली. आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागं नजर फिरवायची, फार बोलावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या सूचनांत सीबीटीसोबत तीही आहे. नजरेमुळंच गुण येतो का, यावर वाद आहे. पण तेरणाकाठ, तुम्ही कामून विसरता की प्रशिक्षित माणूस तालुक्याला मिळत नाही? दर आठवड्याला एसटीनं जायचं, रोज बुडवायचा. उकरून अर्ध्यात सोडलं तर भोगायचं त्या माउलीनं.

तेरणाकाठ: अडचण खरी आहे, म्हणून गप्प बसणं बरोबर ठरत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे: फुकट, चोवीस तास, मराठीतून. जवळ कोण आहे ते तिथंच विचारा.

औशाची सून: फोन लावते. दिवसा दार उघडं ठेवून आत बसायचंही त्यांना विचारून बघू. त्या रात्रीचं मात्र मी काढणार नाही, त्यांनी स्वतः काढलं तरच.